हातांना आठवणारी खेळणी: घरातल्या सगळ्या पिढ्यांच्या खेळण्यांची दशकवार नोंद कशी करावी

"तुमचं लहानपणीचं आवडतं खेळणं कोणतं?" हा प्रश्न मी बाबांना निदान चार वेळा विचारला असेल. चारही वेळा उत्तर एकच: "आमच्या वेळी कुठली आलीयेत खेळणी!" मग एका दुपारी ते जमिनीवर बसून नातीचे ठोकळे आवरत होते. आवरता आवरता त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी किल्ली पिळावी तशी आपोआप वळली. "किल्लीची मोटार होती," ते म्हणाले. "सात वेढे द्यायचे. आठवा दिला की कट् व्हायचं आणि स्प्रिंग सुटायची." त्यानंतर पाऊण तास ते बोलत होते आणि मी हातातलं काम टाकून ऐकत होते.

त्या दुपारी मला कळलं की मी चुकीचा प्रश्न विचारत होते. 'आवडतं' आणि 'खेळणं' हे दोन्ही शब्द मोठ्या माणसांचे आहेत. मुलाच्या हातात असते ती एक वस्तू: तिचं वजन, तिचा आवाज, तिचा तुटलेला कोपरा. आठवण तिथून उलगडते. पुढची पद्धत मी बाबा, आत्या आणि स्वतःवर वापरून बसवली आहे. एका माणसासाठी दोन-तीन बैठका लागतात. घाईत एका रविवारी उरकायला गेलात तर हाती फक्त नावांची यादी लागेल.

पायरी १: आधी एकट्याने, फोटो न बघता

बहुतेक लोक जुने अल्बम काढून सुरुवात करतात. कृपा करून तसं करू नका. फोटो एकदा पाहिला की पुढे आठवतो तो फोटोच. त्या चौकटीबाहेर जे होतं, ते मागे पडतं. अल्बम चौथ्या-पाचव्या दिवसासाठी राखून ठेवा.

एक मोठा कागद घ्या आणि डावीकडे वयाचे टप्पे लिहा: तीन वर्षांपर्यंत, तीन ते सहा, सहा ते नऊ, नऊ ते बारा, त्यापुढे. प्रत्येक टप्प्यासमोर त्याची सालं लिहा. १९५४ साली जन्मलेल्या माणसाचा सहा ते नऊचा टप्पा १९६० ते १९६३ मध्ये पडतो. नोंद दशकवार करायची असली तरी आठवण वयाच्याच दोरीने येते. 'साठच्या दशकात काय खेळायचो' हे कुणालाच सांगता येत नाही, 'दुसरीत असताना' हे लगेच सांगता येतं.

पहिल्या टप्प्यासमोर बहुधा काहीच येणार नाही, त्याने खट्टू होऊ नका. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी स्वतःहून आठवत नाही, हे मानसशास्त्रात चांगलं माहीत आहे. त्या वयातलं जे 'आठवतं' ते बरेचदा ऐकलेलं किंवा फोटोत पाहिलेलं असतं. ते जरूर लिहा, पण शेजारी 'ऐकीव' अशी खूण करा. या खुणेचा पुढे फार उपयोग होतो.

आता कागदाच्या मागच्या बाजूला तुम्ही ज्या घरात वाढलात त्याचा आराखडा काढा. चित्रकला येण्याची गरज नाही. दारं, खिडक्या, पलंग, कपाट, जिना, एवढं पुरे. मग एकेका खोलीत मनाने जा आणि विचारा: इथे जमिनीवर काय पडलेलं असायचं? पलंगाखाली काय सरकवून ठेवायचो? कुणाच्या पायाखाली आल्यामुळे बोलणी खाल्ली? माझ्या आराखड्यात कपाट आणि भिंत यांच्यातली वीतभर फट काढली आणि त्या फटीतून अकरा वर्षांची मी ठेवलेली पत्त्यांची अर्धी गड्डी बाहेर आली. आराखडा काढायच्या आधी ती गड्डी माझ्या आयुष्यात कधी होती हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

पायरी २: हातांना विचारा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

खेळण्याचं नाव विचारू नका, कंपनी विचारू नका. विचारा: धरायचं कसं, एका हाताने की दोन्ही? गार लागायचं की कोमट? टाकलं तर आवाज कसा यायचा? वास कसला होता? नव्या प्लास्टिकच्या बाहुलीचा, शिसपेन्सिलीच्या भुशाचा, पावसात भिजून वाळलेल्या चिंधीचा वास लोकांना चाळीस-पन्नास वर्षांनीही ओळखू येतो. आणि शेवटी हमखास फळ देणारा प्रश्न: ते कुठे मोडलं होतं? न मोडलेलं खेळणं आठवायला कठीण जातं. मोडलेल्याला गोष्ट असते.

हे प्रश्न खुर्चीत बसून विचारण्यापेक्षा शक्य असेल तर जमिनीवर बसून विचारा. लहान मुलाच्या नजरेच्या उंचीवर आलं की टेबलाची खालची बाजू दिसते, पलंगाचा पाय खांबासारखा वाटतो. शिकताना भोवताल जसा होता तसा पुन्हा मिळाला तर आठवायला सोपं जातं. गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी १९७५ मध्ये पाणबुड्यांवर याचा सुरेख प्रयोग केला होता. पाण्याखाली ऐकलेले शब्द त्यांना पाण्याखालीच जास्त आठवले आणि काठावर ऐकलेले काठावर. आपल्याला ते जुनं घर परत मिळणार नाही, पण जमीन तर मिळेल.

हातात काहीतरी द्या. एक भोवरा, दोन गोट्या, दोऱ्याचं रिकामं रीळ. गोटी धरायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असते आणि ती बोटं विसरत नाहीत. कुणी मधल्या बोटाच्या टोकावर ताणून मारतं, कुणी अंगठ्याच्या नखावरून. माणूस बोलत असताना तुम्ही त्याच्या हातांकडे बघा आणि हातांनी जे केलं तेही टिपून ठेवा.

"आमच्याकडे खेळणी नव्हतीच" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांना अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयाबद्दल जरूर सांगा. तिथे खेळण्यांचा एक राष्ट्रीय सन्मानकक्ष आहे. दरवर्षी काही मोजकी खेळणी त्यात घेतात. २००५ मध्ये त्यात पुठ्ठ्याचं खोकं घेतलं, २००८ मध्ये काठी, २०११ मध्ये पांघरूण आणि २०२१ मध्ये वाळू. बार्बी आणि लेगो यांच्याच पंक्तीला. हे ऐकल्यावर आत्या म्हणाली, "मग माझी उशी पण लिही. ती घोडा होती." विकत न आणलेल्या खेळण्यांना कागदावर वेगळा रंग द्या. जुन्या दशकांमध्ये तोच रंग जास्त दिसेल.

पायरी ३: घरातल्या मोठ्या माणसांशी बोलताना

साक्षीदारांकडून पोलिसांना जास्त आणि अचूक माहिती मिळावी म्हणून फिशर आणि गिझेलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात मुलाखतीची एक रीत घडवली. ती घरातही छान चालते. तिच्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. आधी प्रसंगाचा भोवताल मनात उभा करायला सांगायचं: ऊन होतं की दिवे लागले होते, घरात कोण होतं. मग जे येईल ते सगळं, क्षुल्लक वाटलं तरी, बोलू द्यायचं. नंतर तोच प्रसंग शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावायचा. आणि अखेर दुसऱ्या कुणाच्या नजरेने: "तुमच्या आईला तेव्हा काय दिसलं असेल?" शेवटच्या प्रश्नावर बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिला मी पलंगाच्या पायाभोवती गोल गोल फिरताना दिसलो असेन." मोटार गोल का फिरायची, ते पुढे येईल.

मधे बोलू नका, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. वयस्क माणूस थांबतो तेव्हा तो विसरलेला नसतो, शोधत असतो. मनात दहा मोजा.

आणि सुचवू नका. "निळी होती ना ती सायकल?" असं विचारलंत की ती निळी झालीच म्हणून समजा. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या नातेवाईकांच्या हवाल्याने लहानपणच्या चार गोष्टी सांगितल्या. तीन खऱ्या होत्या. चौथी, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची, रचलेली होती. तरी सुमारे पाव लोकांना ती थोडीबहुत किंवा पूर्ण 'आठवली'. घरच्यांच्या शब्दाला किती वजन असतं, हे त्यातून दिसतं. म्हणून भावंडांशी आधी वेगवेगळं बोला आणि मगच एकत्र बसवा. बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, पण विचारून. आणि बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवा. बाबांनी 'किल्लीची मोटार' म्हटलं, तर नोंदीत 'चावीची कार' लिहू नये.

पायरी ४: दशकांच्या खुणा

एवढं झाल्यावर, आणि एवढं झाल्यावरच, बाहेरच्या खुणांचा आधार घ्या. खालची सालं ही खेळणी जगात आली तेव्हाची आहेत. तुमच्या घरात ती दहा-पंधरा वर्षांनी, मोठ्या भावंडांकडून उतरूनही आली असतील. म्हणून या खुणांवरून 'याच्या आधी शक्य नाही' एवढंच ठरवता येतं.

१९५० च्या आधीच्या आठवणींत लाकूड, पत्रा, कापड आणि शिसं भरलेलं असतं. टेडी अस्वलाचा जन्म १९०२ चा. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावरचं व्यंगचित्र गाजलं आणि त्यातून 'टेडी' हे नाव आलं. त्याच सुमारास जर्मनीत श्टाइफ कंपनीतही हलत्या हातापायांचं अस्वल तयार होत होतं. दुसऱ्या महायुद्धात धातू युद्धाच्या कामी गेला. त्या काळात वाढलेल्यांच्या आठवणीत कागदी आणि लाकडी खेळणी जास्त असतील तर त्यामागे हेही कारण असू शकतं. जिन्यावरून आपोआप उतरणारी स्प्रिंग, स्लिंकी, १९४५ मध्ये विक्रीला आली. तिची आठवण विचारताना पायऱ्यांबद्दल विचारा, कारण तो सळसळता आवाज तिथेच असतो.

१९५० चं दशक मला फार श्रीमंत वाटतं. आज ओळखीची वाटणारी कितीतरी खेळणी तेव्हाची आहेत. मॅचबॉक्स गाड्या १९५३ च्या. त्यांच्यामागची हकिगत गोड आहे: कंपनीतले भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायला परवानगी होती, म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा चिमुकला रोडरोलर बनवला. मुलांच्या हाती रंगीत गोळा म्हणून आलेला प्ले-डो १९५६ चा, आणि तो मुळात भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचा लगदा होता. लेगोच्या ठोकळ्याला आतून नळ्या आल्या १९५८ मध्ये. त्या नळ्यांमुळेच ठोकळे घट्ट धरू लागले. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो, म्हणजे आजोबा आणि नात खरोखर एकच भिंत बांधू शकतात. आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. बार्बी ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळणी-मेळ्यात पहिल्यांदा मांडली गेली. तोवर मुलींच्या हातात बहुतेक बाळाच्याच बाहुल्या असत. रूथ हँडलर यांनी मोठ्या बाईची बाहुली दिली. त्यामुळे बाहुली आठवत असेल तर 'ती बाळ होती की बाई?' हा प्रश्न वय आणि काळ दोन्ही सांगून जातो.

साठच्या दशकासाठी दोन खुणा पुरतात. १९६० ची एच अ स्केच, लाल चौकटीची पाटी. काचेला आतून चिकटलेली ॲल्युमिनियमची पूड आतली सुई खरवडते आणि रेघ उमटते. तिरकी रेघ काढायला दोन्ही बटणं एकदम फिरवावी लागतात, आणि ज्याने ती पाटी वापरली आहे त्याचे दोन्ही हात हे ऐकताच फिरतात. दुसरी खूण १९६८ च्या हॉट व्हील्स. मॅचबॉक्सपेक्षा त्या ढकलल्यावर जास्त लांब पळायच्या, त्यामुळे 'गाडी सुसाट जायची' असं कुणी म्हटलं तर हे साल मनात ठेवा.

सत्तरच्या दशकात माणसं आली. प्लेमोबिल १९७४, लेगोची बाहुली १९७८. आठवणीत दोन्हींची गल्लत फार होते. प्लेमोबिलचा माणूस साडेसात सेंटिमीटरचा, लेगोचा चारचा. आणि १९८९ पर्यंत लेगोच्या माणसाचा चेहरा पिवळा आणि एकच हसरा होता. तुमच्या आठवणीतल्या चेहऱ्याला दाढी किंवा डोळ्यावर पट्टी असेल, तर साल पुढचं.

ऐंशीचं दशक म्हटलं की क्यूब. बुडापेस्टचे अर्नो रुबिक यांनी तो १९७४ मध्ये बनवला, पण जगभर गेला १९८० पासून. तो सुटला का हे विचारू नका, रंगीत कागद सोलून पुन्हा चिकटवले होते का ते विचारा. १९८० मध्येच निन्टेंडोचा हातात धरायचा व्हिडिओ गेम, गेम अँड वॉच, आला, १९८४ मध्ये यंत्रमानवाची गाडी होणारे ट्रान्सफॉर्मर्स. इथून पुढे आठवणीत आवाजाचा वाटा वाढतो. १९८९ चा गेम बॉय, १९९६ ची अंड्याच्या आकाराची तामागोची, १९९८ चा बोलणारा फर्बी. तामागोचीला तीन बटणं होती आणि दुर्लक्ष केलं तर तिच्या पडद्यावर पाळलेला जीव मरायचा. नव्वदीत वाढलेल्या एका मैत्रिणीला मी त्याबद्दल विचारलं, तर तिला खेळणं कमी आणि ते शाळेत नेऊ न दिल्याची हुरहूर जास्त आठवली. तीही नोंदच आहे. जपानी भोवऱ्याचा नवा अवतार, बेब्लेड, १९९९ चा. आजोबांचा दोरीचा भोवरा आणि नातवाचं बेब्लेड एकाच पानावर लिहा, दोघांना बोलायला विषय मिळतो.

पायरी ५: वस्तू हाती असेल तर तिच्यावरचं साल वाचा

माळ्यावरून खेळणं निघालं तर आधी उलटं करा. तळाशी, मानेमागे, पायाच्या तळव्यावर अक्षरं असतात. फोनचा दिवा तिरपा धरला की पुसट अक्षरंही सावलीने उठतात.

एक मोठी फसगत टाळा. कोरलेलं साल हे ती वस्तू बनल्याचं साल असेलच असं नाही. बार्बीच्या अंगावर '१९६६' दिसलं की लोक हरखतात, पण तो त्या शरीराच्या साच्याच्या स्वामित्वहक्काचा सन आहे, आणि तोच साचा पुढे १९९० च्या दशकापर्यंत वापरला गेला. कोरलेलं साल म्हणजे 'याच्या आधीचं नाही', बस.

देशाचं नाव जास्त उपयोगी. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर वस्तू महायुद्धानंतरची आणि १९५२ च्या सुमारापर्यंतची. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. 'यूएसएसआर' असेल तर १९९१ पर्यंतची. खोक्यावर बारकोड असेल तर सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरचं, कारण दुकानात पहिल्यांदा बारकोड वाचला गेला तो जून १९७४ मध्ये. 'सीई' हे, युरोपातले सुरक्षेचे नियम पाळल्याचं, चिन्ह तिथल्या खेळण्यांवर १९९० पासून दिसू लागलं. आणि पेटंटचा क्रमांक असेल तर तो इंटरनेटवरच्या पेटंटच्या खुल्या संग्रहात टाकून बघा, मूळ आकृतीसकट कागद समोर येतो. बाहुलीच्या मानेचा सांधा कसा चालतो हे त्या आकृतीत पाहणं हा वेगळाच आनंद आहे.

आता अल्बम काढा. फोटोत खेळणं शोधताना माणसांच्या चेहऱ्याकडे नको, पायांजवळ आणि पार्श्वभूमीला बघा. फोटोच्या मागचं लिखाण आणि कडेला छापलेली तारीख टिपून घ्या. मात्र ती तारीख फोटो धुऊन आल्याची असू शकते, कॅमेऱ्यातला रोल संपायला कधीकधी वर्ष लागायचं.

पायरी ६: दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर

बाबांनी सांगितलं, मोटार लाल होती. आत्या म्हणाली, "लाल? अरे, हिरवीगार होती ती." दोघंही ठाम. मी दोन्ही रंग लिहिले आणि कुणाचाही खोडला नाही. पुढे आत्याच्या ट्रंकेत, जुन्या बिस्किटांच्या डब्यात ती मोटार निघाली. वीतभर लांब, किल्ली हरवलेली, मागच्या डाव्या चाकाच्या जागी कोटाचं तपकिरी बटण. वरून लाल. पण पत्रा जिथे आत दुमडला होता, त्या घडीत नखाएवढा हिरवा रंग शिल्लक होता. आत्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. मोटार आधी तिची होती, बाबांना देताना कुणीतरी रंगवून नवी केली होती. दोघंही खरं सांगत होते. आणि बटण चाकापेक्षा जरासं लहान असल्यामुळे ती सरळ न जाता डावीकडे गोल वळायची, म्हणून पलंगाच्या पायाभोवतीचा तो फेरा.

तेव्हा विरोधी आठवणींना शेजारी शेजारी जागा द्या, कुणी काय सांगितलं ते नावानिशी लिहा. मधला मार्ग काढून 'लालसर-हिरवी' असं कधीही लिहू नका.

पायरी ७: नोंद लिहिताना

एका खेळण्याला एक पान. माझं एक पान असं आहे:

'किल्लीची मोटार. पत्रा. आत्या, अंदाजे १९५५ पासून, हिरवी. नंतर बाबा, वय ६ ते ९, लाल. तळाला जपानचं नाव. सात वेढे, आठवा नाही. डावीकडे वळते (बटण). रात्री बाबांच्या बुटात ठेवलेली असायची. किल्ली कशी हरवली: बाबांच्या मते आत्याने, आत्याच्या मते कुणीच नाही. सांगितलं: बाबा, आत्या, वेगवेगळ्या दिवशी. ऐकीव: रंगवल्याची गोष्ट.'

'रात्री कुठे असायचं' हा रकाना प्रत्येक पानावर असू द्या. फार सुंदर होतं, खूप मजा यायची, अशी वाक्यं टाळा. 'बुटात ठेवायचे' यात सगळं येतं. खेळण्याचा फोटो घ्याल तेव्हा एक नुसता आणि एक हातात धरलेला घ्या, ज्याचं खेळणं त्याच्याच हातात. आकार कळतो आणि धरायची तऱ्हाही राहते. वाजणाऱ्या खेळण्याचा आवाज मुद्रित करा. जुन्या व्हिडिओ गेमच्या काही कार्ट्रिजमध्ये खेळाची प्रगती एका छोट्या बॅटरीवर टिकून असते. ती बॅटरी संपली की सगळं पुसलं जातं, म्हणून चालू आहे तोवर पडद्याचे फोटो काढून घ्या.

पायरी ८: खेळणं जपताना

सगळ्यात आधी बॅटऱ्या काढा. अल्कलाइन बॅटरी गळून पांढरी पूड साचली असेल तर हातमोजे घाला, कापसाच्या काडीवर थोडंसं व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा.

पत्र्याच्या खेळण्याला पाणी लावू नका, मऊ कोरड्या कुंचल्याने झटका. गंज थोडा असेल तर तसाच राहू द्या. आणि कृपया पुन्हा रंगवू नका. आमच्या मोटारीच्या घडीत हिरवा रंग राहिला नसता तर आत्याची पाच-सहा वर्षं नोंदीतून गेली असती. किल्लीचं खेळणं पिळलेल्या स्थितीत ठेवू नये, स्प्रिंग पूर्ण उलगडू द्यावी.

मऊ प्लास्टिकच्या जुन्या बाहुल्या चिकट होतात, कारण प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं. ते घाण समजून घासू नका. अशा बाहुलीला दुसऱ्या कडक प्लास्टिकला टेकवून ठेवलं तर ते प्लास्टिकही वितळून डाग पडतात, म्हणून प्रत्येक वस्तू वेगळी, आम्लरहित कागदात गुंडाळा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. रबरबँड तर अजिबात नको. कापडी अस्वलात कसर लागल्याचा संशय असेल तर पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं खोलीच्या तापमानाला येऊ द्या. सेल्युलॉइडच्या फार जुन्या बाहुल्या चटकन पेट घेतात. त्या उष्णतेपासून दूर आणि हवेशीर जागी, इतर खेळण्यांपासून वेगळ्या ठेवा.

पायरी ९: आजच्या मुलांच्या हातात देण्यापूर्वी

जुन्या रंगांत शिसं असू शकतं. अमेरिकेत खेळण्यांवरच्या शिसेयुक्त रंगाला १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीचं रंगवलेलं खेळणं तोंडात घालणाऱ्या बाळाला देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. सुटे डोळे, बटणं, चुंबकं आणि चपट्या गोल बॅटऱ्या लहान मुलांपासून लांबच. बॅटरी किंवा एकाहून जास्त चुंबकं गिळली गेली तर वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

आमची मोटार काचेच्या कपाटात आहे. बाबा पकडीने पिळून ती टेबलावर सोडतात, लेक हात मागे बांधून बघते. तिच्यासाठीही कागदावर एक ओळ सुरू केली आहे. वर्षातून एकदा, वाढदिवसाच्या आसपास, तिला तिच्या खेळण्यांबद्दल तेच प्रश्न विचारते: धरायचं कसं, आवाज कसा, कुठे मोडलंय, रात्री कुठे असतं. उत्तर तिच्याच शब्दांत. या वर्षी 'सहा ते नऊ'च्या रकान्यात तिने सांगून लिहवून घेतलं: 'निळा ठोकळा. एक खुंटी चावलेली आहे. ती मीच चावली. रात्री आजोबांच्या चष्म्याच्या डबीत असतो, आजोबांना माहीत नाही.'